निघता निघता

रहिमतपूरच्या पेठेत माझ्या वडिलांचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान होते. विहिरीवरची जळालेली मोटर शेतकरी सायकलच्या कॅरिअरला बांधून नाहीतर बैलगाडीत टाकून आणायचा. आम्ही ती खोलायचो, आतली जळकी तार छिन्नीने तोडून काढायचो, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे भरायचो, वार्निश करून वाळवायचो आणि तपासून परत द्यायचो. दाराशी गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक होता. जळक्या वार्निशचा वास दुकानात मुरलेला असे आणि रात्री वडिलांच्या सदऱ्याबरोबर घरी येई.

तिथली एक संध्याकाळ माझ्या मनात पक्की बसली आहे. एप्रिल महिना होता. कृष्णाकाठच्या एका गावचा शेतकरी पाच हॉर्सपॉवरची मोटर घेऊन आला होता. तीच मोटर, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा. वडिलांनी वही उघडून मागच्या दोन तारखा दाखवल्या, आपल्या कामात खोट नाही हे शांतपणे समजावले, आणि जुने गिऱ्हाईक म्हणून या वेळची मजुरी कमी केली. चार दिवसांनी मोटर तयार झाली, हिशेब चुकता झाला, माणूस निघाला. आमच्याकडे कामाला असलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा मोटर उचलून त्याच्यामागे गेला. पायरी उतरता उतरता शेतकरी त्याला म्हणाला, “रातीचं बाराला लाइट येती. त्या वक्ताला रानात कोण जातंय? मी आपला बटणात काडी खोचून येतो.”

वडील तेव्हा नोटा मोजत होते.

मोटर का जळते याचे सगळे उत्तर त्या एका वाक्यात होते. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. वीज गेली की स्टार्टर आपोआप बंद पडतो आणि ती परत आल्यावर कोणीतरी जाऊन हिरवे बटण दाबावे लागते. ते टाळायला लोक बटण काडीने दाबून ठेवतात, म्हणजे वीज आली की मोटर आपली आपण सुरू. पण त्या वेळी तीनपैकी एक फेज नसेल, तर मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि थोड्याच वेळात आतली तार तापून जळते. शेजारी माणूस असता तर आवाजावरून त्याने ओळखले असते. इथे शेजारी कोणी नव्हते, कारण विहीर गावापासून लांब होती, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस होता आणि अंधारात पायाखाली काय आहे ते दिसत नव्हते. अलीकडे त्याच उसात बिबट्या असतो, तेव्हा तर बोलायलाच नको.

मजुरी कमी झाली याचे त्या माणसाला बरे वाटले असेल. पण त्याला खरी हवी होती ती रात्री अंथरुणातून न उठता मोटर वाचण्याची सोय. एक फेज गेला की मोटर बंद पाडणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचे छोटे यंत्र असते. ते साताऱ्यात मिळत होते. आम्ही ते ठेवत नव्हतो. पोराने त्या रात्री दुकान बंद करताना वडिलांना हे सगळे सांगितले. वडील म्हणाले, “आपण मोटर भरतो. बाकीचं ज्याचं त्यानं बघावं.” त्यात राग नव्हता, आखडूपणाही नव्हता. आपला धंदा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यांनी पूर्वीच ठरवून टाकले होते, एवढेच.

पुढे तो पोरगा काम सोडून निघाला. वडिलांनी त्याच वेळी पगार वाढवायची तयारी दाखवली. हातचा कसबी माणूस जातो आहे याचे त्यांना मनापासून वाईट वाटत होते. पोराने दोन्ही हात जोडले आणि त्याच पायरीवरून म्हणाला, “पगाराचं न्हाय मालक. दीड वर्सात मला येकदाबी जोडणीला रानात धाडलं न्हाईसा.” त्याला विहिरीवरची जोडणी शिकायची होती. स्टार्टर, केबल, फूट व्हॉल्व्ह, पाइप, सगळे. मोटर आमच्याकडे येते तेव्हा ती मेलेली असते. ती जिवंत कुठे असते, कशी चालते, हे त्याला पाहायचे होते. दीड वर्ष ही इच्छा घेऊन तो रोज सकाळी आठ वाजता शटर उघडत होता आणि आम्हा कुणाच्या ती ध्यानात आली नाही.

गिऱ्हाइकाचे वाक्य आणि पोराचे वाक्य मी कितीतरी वर्षे दोन वेगळ्या आठवणी म्हणून सांभाळली. त्या एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत हे फार उशिरा कळले. त्या पोराला एकदा जरी विहिरीवर धाडला असता, तर बटणातली काडी आम्हाला पहिल्याच खेपेला कळली असती. गिऱ्हाइकाला काय हवे ते ज्याला ऐकू येत होते, त्याला स्वतःला काय हवे ते आम्ही विचारले नव्हते. म्हणून शेतकऱ्याचे बोलणे आमच्यापर्यंत आले तरी रुजले नाही. गिऱ्हाईक समजून घेणे आणि आपला माणूस समजून घेणे अशी दोन कामे नसतात, हे सांगण्यासाठी मी ही प्रस्तावना लिहितो आहे. ते एकच काम आहे, आणि ते दुकानाच्या सर्वांत खालच्या पायरीवर चालते.

नाटककार वसंत कानेटकर यांचे रहिमतपूर हे जन्मगाव. आमच्या गावाला त्याचा अभिमान आहे, आणि या विषयावर विचार करताना मला नाटक नेहमी आठवते. पात्र दाराकडे निघते, उंबऱ्याशी थांबते, वळते आणि एक वाक्य बोलते. प्रेक्षक ते वाक्य घरी घेऊन जातात. बसल्या जागी माणूस जे बोलतो ते बसण्याच्या रीतीप्रमाणे बोलतो. उठल्यावर रीत सैल होते. डॉक्टरांना हे ठाऊक असते. पोटदुखीची तक्रार सांगून, औषधाची चिठ्ठी घेऊन रोगी दाराशी जातो आणि म्हणतो, “आणि डॉक्टर, एक राहिलंच.” ते राहिलेले बहुधा मुख्य असते.

आपल्या बोलण्यात यासाठी एक ठरलेली खूणच आहे. “कसं काय, सगळं ठीक?” असे विचारले की आपला माणूस म्हणतो, “तसं काही नाही, पण...” सातारा-सांगलीकडे तोंडावर तक्रार करणे हे भांडण काढल्यासारखे वाटते. ज्याच्याकडून वर्षानुवर्षे माल घेतो, ज्याने अडीअडचणीला उधार दिले, त्याला तुझे चुकते असे सरळ कसे म्हणायचे? म्हणून आधी ‘तसं काही नाही’ अशी माफी येते, मग ‘पण’, आणि त्या ‘पण’नंतर आवाज खाली जातो. ऐकणारा घाईत असला तर त्याला ‘तसं काही नाही’ एवढेच ऐकू येते. काही कामगार तर तेवढेही म्हणत नाहीत. “घरी जरा अडचण आहे,” एवढे सांगून रजा घेतात आणि परत येत नाहीत. अशा लोकांपुढे पाच चांदण्यांचा छापील कागद ठेवला, किंवा मोबाइलवर प्रश्नावली धाडली, तर पाचही चांदण्या मिळतात आणि कळत काहीच नाही. मी छापील प्रश्नावल्यांच्या विरुद्ध नाही. हजारो गिऱ्हाइके असणाऱ्याला त्यांच्याशिवाय गत्यंतर नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्यांच्याकडे रोज चाळीस माणसे पायऱ्या चढतात-उतरतात, त्यांनी आधी पायरीशी उभे राहावे.

हे मोठ्या कारखान्यांनाही एकदा शिकावे लागले. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता; टेलिफोनची सामग्री तिथे बनत असे. १९२८ पासून त्या कंपनीने कामगारांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली आणि दोनएक वर्षांत वीस हजारांहून अधिक मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरीव प्रश्न होते: कामाविषयी काय वाटते, मुकादमाविषयी काय वाटते. अनुभव असा आला की कामगार उत्तर देता देता भलतीकडेच वळतात. प्रश्न प्रकाशाचा आणि बोलणे घरच्या आजाराचे. मुलाखत घेणारे त्यांना पुन्हा प्रश्नाकडे आणत आणि माणूस मिटून जाई. शेवटी पद्धत उलटी करण्यात आली. प्रश्न बाजूला ठेवायचे, माणूस ज्या वाटेने जाईल तिकडे जाऊ द्यायचे, मध्ये बोलायचे नाही. अर्ध्या तासाच्या मुलाखती दीड तासावर गेल्या, पण भलतीकडे वाटणारे बोलणे हेच खरे बोलणे होते हे समजले. या प्रयोगातून लोकांनी पुढे पुष्कळ निष्कर्ष काढले आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर वाद झाले. पण प्रश्नापासून वळलेला माणूस आडवाटेला लागलेला नसतो, हा एक धडा मला वादापलीकडचा वाटतो.

मात्र त्यासाठी शिकागोपर्यंत जायचे कारण नाही. रहिमतपूर स्टेशनात गाडीत बसले की तारगाव, मसूर, कऱ्हाड मागे टाकत त्याच लोहमार्गावर किर्लोस्करवाडी येते. आणि पूर्वी औंधला जायचे असले तर याच रहिमतपूर स्टेशनवर उतरावे लागे, कारण औंध संस्थानच्या राजधानीला हेच स्टेशन जवळचे होते. औंध आणि किर्लोस्करवाडी यांच्यातला धागा या विषयाच्या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली जन्मले. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार असलेले राजे, पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांनी दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो नांगराचा. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि ऐकून अडाणीपणाला हसतही आलो आहोत. मला वाटते, ते वाक्यसुद्धा एक ‘तसं काही नाही, पण’ होते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार-लोहार दुरुस्त करी. त्याचे बलुते सुगीला धान्यात द्यायचे, रोकड लागत नसे. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर? तो कोण ओतून देणार? बलुतेदाराशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार मोडून परगावच्या कारखान्यावर हंगाम सोपवायचा, ही भीती शेतकरी कुठल्या शब्दांत सांगणार होता? त्याने ती मातीच्या शब्दांत सांगितली. हे माझे वाचन आहे. त्या काळच्या शेतकऱ्याने ते लिहून ठेवलेले नाही. पण आजही रहिमतपुरात नवे अवजार विकणाऱ्याला पहिला प्रश्न ‘किती दिवस टिकेल’ असा येत नाही. ‘पार्ट कुठं मिळतील’ असा येतो.

किर्लोस्करांच्या कारखान्याने माणसे ओळखण्यात जी हिंमत दाखवली तिचे एक उदाहरण सांगतो. तुरुंगवास भोगून आलेल्या, गावाने वाळीत टाकल्यासारख्या माणसांना लक्ष्मणरावांनी वसाहतीची रात्रीची राखण दिली. ज्यांच्यापासून लोक घरे सांभाळत त्यांच्याच हाती घरे दिली. त्या माणसांना पगाराहून मोठी गरज कोणती होती हे ज्याने ओळखले, त्याला कामगारांची गरज मोजायला वेगळे साधन लागले नसेल.

आणि मग ‘किर्लोस्कर खबर’. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ते सुरू केले, ते कारखान्याचे मासिक म्हणून. नांगराचा कारखाना मासिक काढतो ही त्या काळी नवलाचीच गोष्ट. कारखान्याच्या मालाची माहिती घेऊन ते ज्या घरात गेले, त्या घरात ते वाचणारे डोळे किती होते आणि त्यांना आणखी काय वाचायचे होते, हे संपादकाने जाणले. त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० साली ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’. अवजार विकत घेणारा एक होता, पण त्याच्या घरात त्याची बायको होती, शिकणारा मुलगा होता. त्यांच्या गरजा नांगराच्या ऑर्डरीत कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. महाराष्ट्राच्या वाङ्मयाचा एवढा मोठा भाग एका अवजारांच्या कारखान्याच्या माहितीपत्रातून उगवला, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

पण या सगळ्यांत माझ्या मनाच्या सर्वांत जवळची गोष्ट भाऊराव पाटलांची आहे. कर्मवीर म्हणून आज त्यांचे पुतळे आहेत. या पुस्तकाच्या वाचकाने त्यांना एकदा चौथऱ्यावरून खाली उतरवून फिरत्या विक्रेत्याच्या रूपात पाहावे अशी माझी इच्छा आहे. भाऊराव १८८७ साली कुंभोजला जन्मले. ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्यासाठी, किर्लोस्करांसाठी आणि पुढे सातारारोडच्या कूपर कारखान्यासाठी त्यांनी विक्रीचे काम केले. ओगल्यांचे काचसामान आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या निमित्ताने हा धिप्पाड माणूस याच मुलखात गावोगाव फिरला. फिरत्या विक्रेत्याला गावात मुक्काम करावाच लागतो. ओसरीवर बसून जेवावे लागते, नांगर चालवून दाखवावा लागतो, घ्यावा की नको यावरची घासाघीस रात्री उशिरापर्यंत ऐकावी लागते. असे दारोदार बसणाऱ्याला शेतकऱ्याचे जे ऐकू येते ते कारखान्याच्या कचेरीत कधीच पोहोचत नाही. घरातला पोरगा गुरांमागे आहे. शाळा लांब आहे, जवळ असली तरी सगळ्यांसाठी उघडी नाही. तालुक्याला राहायची सोय नाही.

नांगर विकणाऱ्याने यावर काय करायचे? ‘आपण नांगर विकतो, बाकीचं ज्याचं त्यानं बघावं’ असे म्हणणे त्यांच्या हाती होते. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली; १९२४ साली ती साताऱ्याला आणली. जातीजातींची मुले एकाच वसतिगृहात राहून, एकाच पंगतीत जेवून, राबून शिकू लागली. त्यांच्या आयुष्यात या कामाची प्रेरणा देणाऱ्या इतरही मोठ्या गोष्टी होत्या, कोल्हापूरचे वातावरण होते, सत्यशोधक विचार होता. तरीही मला खात्री वाटते की विक्रीच्या फिरतीने त्यांना गावाचे ‘पण’ ऐकायला शिकवले. मुले शिकली तर घरचे काम कोण करणार, या शेतकऱ्याच्या खऱ्या अडचणीला ‘कमवा आणि शिका’ हे उत्तर होते. नुसते शाळा उघडणाऱ्याला ते सुचले नसते. ते ओसरीवर बसलेल्याला सुचले.

आता पुस्तकाविषयी थोडेसे. रहिमतपूर, कोरेगाव, मसूर या टापूतले दुकानदार, दूध संकलन केंद्र चालवणारे, गॅरेजवाले, पतसंस्थेतले कर्मचारी अशी काही मंडळी दोन हिवाळे संध्याकाळी जमत होती. विषय ठरलेला असे: ‘आज निघताना कोण काय म्हणाले?’ पहिल्या तीन-चार बैठका कुणालाच काही आठवेना. सगळ्यांचा अनुभव एकच, बोलणे ऐकू आले होते पण राहिले नव्हते. मग प्रत्येकाने एक वही ठेवली. पुढली प्रकरणे त्या वह्यांतून आली आहेत.

त्यांतली एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुस्तकाची जात कळायची नाही. एका पतसंस्थेत एक म्हातारी दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला येते. पैसे भरत नाही, काढत नाही. पासबुक पुढे करते आणि ‘वाचून दाव’ म्हणते. खिडकीवरचा माणूस शिल्लक सांगतो. ती म्हणते, “तसं न्हवं, सगळं वाच.” रांग खोळंबते, मागचे कुरकुरतात. दोन वर्षे संस्थेच्या दृष्टीने ती बाई म्हणजे वाया जाणारी दहा मिनिटे होती. खिडकीवर नवीन आलेल्या मुलीने एकदा तिला बाजूच्या खुर्चीत बसवून रांग संपल्यावर ओळ न् ओळ वाचून दाखवली, आणि उठताना म्हातारी म्हणाली, “म्हंजी ह्या महिन्यात त्येनं काय काढलं न्हाय.” खाते मुलाबरोबर जोडीचे होते. तिला शिल्लक नको होती. आपल्या पश्चात नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत काय चालले आहे ते हवे होते. मुलाला विचारायची सोय नव्हती. त्या मुलीने व्यवस्थापकांना सांगितले तेव्हा कळले की अशा म्हाताऱ्या आणखी चार आहेत, आणि खिडकीवर पूर्वी बसणाऱ्या माणसाला ते ठाऊक होते. त्याला कुणी विचारले नव्हते. आता तिथे महिन्यातून एक दुपार फक्त पासबुक वाचायला ठेवली आहे.

दुसरी गोष्ट आमच्याकडच्या एका मुख्य पिकाची, आल्याची. सातारी आल्याचा भाव गाडीवर निघतो आणि गाडी म्हणजे पाचशे किलो. नवे आले आणि जुने आले असा फरक करून व्यापारी वेगवेगळा दर लावू लागले, यावरून जिल्ह्यात मोठी तेढ झाली. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण शेतात माल भरणाऱ्या हमालाला विचारा. शेतकरी दरावर बोलतो ते व्यापाऱ्याशी. व्यापारी गाडीत बसला की शेतकरी हमालाशी बोलतो: धुण्याला पाणी पुरले नाही, बेणे कुठून आणावे, कंद कुजायला लागला म्हणून घाईने काढले. पुढच्या हंगामात हा शेतकरी कुणाला माल देईल हे त्या बोलण्यात असते. आमच्या बैठकीला येणारा एक तरुण व्यापारी आता हमालांबरोबर त्यांच्याच टेम्पोत मागे बसून परत येतो. त्यात त्याचा दीड तास जातो. तो वेळ गेला असे त्याला वाटत नाही.

या बैठकांत एक वाद शेवटपर्यंत मिटला नाही, आणि तो पुस्तकातही मिटलेला नाही. जे ऐकले ते किती वापरायचे? माणूस सैल होऊन बोलतो तेव्हा तो आपल्या घराचे दार थोडे उघडतो. त्या फटीतून आत डोकावून आणखी काय खपवता येईल ते बघणारे ऐकणे मला पसंत नाही. कामगाराने घरची अडचण सांगितली आणि ती पुढच्या पगारवाढीच्या वेळी त्याच्यावर उलटवली, तर त्या दुकानात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही, आणि तसेच व्हायला हवे. काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की धंदा म्हटला की ऐकलेले वापरले जाणारच. मी त्यांचे म्हणणे त्यांच्या प्रकरणांत जसेच्या तसे राहू दिले आहे.

सगळ्यांत जाड वही आमच्या त्या पोराची निघाली. आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे, कऱ्हाड रस्त्यावर त्याचे स्वतःचे दुकान आहे, हाताखाली चार पोरे आहेत आणि चारही जणांना तो आळीपाळीने विहिरीवर धाडतो. आमचे दुकान सोडल्या वर्षापासून तो दुरुस्तीच्या वहीत तारीख, हॉर्सपॉवर, मजुरी यांच्यापुढे आणखी एक रकाना आखत आला. त्या रकान्यात गिऱ्हाईक निघताना जे म्हणाले ते एका ओळीत लिहिलेले असते. ‘बायकू म्हंती मोटर विका.’ ‘पोरगं पुण्याला गेलं, आता रातचं कोण.’ ‘भावानं लाइन तोडली.’ वडील हयात असताना मी त्यांना ती वही दाखवली होती. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ वाचली, मिटली, आणि विचारले, “तो कृष्णाकाठचा, बटणात काडी घालणारा. त्याचं पुढं काय झालं?” त्यांच्या ते ध्यानात होते. त्या रात्री पोराने सांगितलेले त्यांनी इतकी वर्षे मनात ठेवले होते.

या पुस्तकासाठी ती वही मागायला मी गेलो, तेव्हा त्याने ती लगेच कपाटातून काढून दिली. मी पायरी उतरलो तशी मागून हाक आली. “मालक, नावं तेवढी छापू नका. त्यांनी मला सांगितलंय, पुस्तकाला न्हाय.” म्हणून पुढच्या पानांत गावे नाहीत, माणसे नाहीत. मोटरची हॉर्सपॉवर आणि निघतानाची ओळ, एवढेच ठेवले आहे.